गारा पडल्या त्या दिवशी

"अन्वरभाई, खलास."

फोनवर रोझीभाभी एवढंच म्हणाल्या. सकाळची वेळ होती. मी प्रयोगशाळेत पोरांसाठी टेबलांवर सामान मांडत होतो, तेवढ्यात ऑफिसातून बोलावणं आलं. पलीकडचा आवाज स्वच्छ होता, इस्पितळात एका ड्यूटीवरून दुसऱ्या ड्यूटीवर पेशंट सोपवताना नर्स बोलते तसा. मी काही विचारायच्या आत त्या म्हणाल्या, "दुपारी या. आता घाई नाही." आणि फोन ठेवला. इथे बहरीनमध्ये इतकी वर्षं काढल्यावर आपल्या माणसांच्या बोलण्यात हा शब्द इतका मुरतो की कुणाला त्याचं काही वाटत नाही. दूध संपलं, खलास. पेट्रोल संपलं, खलास. माणसासाठी तो शब्द मी पहिल्यांदाच ऐकला... आणि तोही त्याच्या बायकोच्या तोंडून.

आल्फोन्सला आम्ही दुसऱ्या दिवशी ख्रिस्ती कबरस्तानात पुरला. वारा सुटला होता, वाळू डोळ्यांत जात होती. वसईची पाच-सहा माणसं, मुंबईकडची काही, आम्ही एक-दोन कोकणी मुसलमान आणि कॉलेजचा म्हातारा बहरीनी वॉचमन, एवढेच होतो. रोझीभाभी गडद निळ्या झग्यात ताठ उभ्या होत्या. रडल्या नाहीत. आल्फोन्सच्या खड्ड्याला लागून एक छोटी कबर आहे. तिच्यावरच्या क्रूसाचा रंग दरवर्षी नाताळच्या आधी तो स्वतः जाऊन द्यायचा. ती विनीची, त्याच्या मुलीची. आज या गोष्टीला काही आठवडे होऊन गेले. आल्फोन्सबद्दल लिहायचं तर त्या छोट्या कबरीबद्दल लिहिल्याशिवाय गत्यंतर नाही, कारण तो खरं म्हणजे तेव्हाच गेला होता. आम्ही फक्त दहा वर्षं उशिरा कबरस्तानात आलो.

मी मूळचा म्हसळ्याचा. पंचाहत्तर-शहात्तरच्या सुमाराला इथे तुबलीच्या बाजूच्या एका टेक्निकल कॉलेजात लॅब असिस्टंट म्हणून लागलो, तेव्हा आल्फोन्स तिथे स्टोअरकीपर होता. खडूपासून लोखंडी सळयांपर्यंत सगळं त्याच्या ताब्यात. सही घेतल्याशिवाय खडूचा तुकडासुद्धा द्यायचा नाही. पहिल्याच दिवशी मी हिंदीत काही मागायला गेलो तर त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "कोकणातला ना रे तू? मग हिंदीत कशाला मरतोस?" आणि असा काही हसला की मागच्या फळीवरचे डबे वाजले. आल्फोन्सचं हसणं सगळ्या अंगानं असायचं. वसईच्या एका वाडीतला, केळीच्या बागायतीत वाढलेला धिप्पाड माणूस. अरबी बोलायचा तेही वसईच्या हेलात, आणि बहरीनी पोरांना ते इतकं आवडायचं की काम नसलं तरी ती स्टोअरच्या खिडकीशी येऊन उभी राहायची. कुठल्याही अडचणीवर त्याचं एकच उत्तर असे, "यल्ला, होईल!" यल्ला म्हणजे चला. मशीन बंद पडलं, होईल. सुट्टी नाकारली, होईल. शुक्रवारी झल्लाकच्या किनाऱ्यावर आम्ही आठ-दहाजण जमायचो. मासे भाजायचे, पत्ते खेळायचे. आल्फोन्स उघड उघड पानं लपवायचा आणि पकडला गेला की सर्वांत मोठ्यानं तोच हसायचा.

रोझीभाभी इथल्या इस्पितळात नर्स. त्या आल्फोन्सच्या उलट. कमी बोलणार, पण जे बोलतील ते पक्कं. दोघांचं छान होतं. तो चिडवायचा, त्या ओठ दाबून हसू आवरायच्या. विनी आधी वसईला आजीकडे होती. मी आलो त्याच वर्षी तिला इथे आणली. बापासारखे मोठे डोळे आणि आईसारखं नेमकं बोलणं. इंग्रजी शाळेत जायला लागल्यावर तिनं मराठीत उत्तर देणं सोडलं. समजायचं सगळं, पण बोलणं इंग्रजीत. आल्फोन्स मराठीत ओरडायचा, ती इंग्रजीत शांतपणे त्याचं म्हणणं खोडून काढायची. त्यांचं भांडण ऐकायला मी मुद्दाम जायचो.

विनी सात-आठ वर्षांची असताना तिला ताप आला, सांधे सुजले. ताप गेला, पण जाताना हृदयाची एक झडप बिघडवून गेला. डॉक्टरांनी सांगितलं की घसा सांभाळा, थंडी सांभाळा, धावपळ नको; अजून थोडी मोठी झाली की ऑपरेशन करता येईल. दोन-तीन वर्षांनी मुंबईच्या डॉक्टरांशी बोलणं झालं आणि त्या वर्षीच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत न्यायचं ठरलं. पहिल्या तापापासूनच त्या घराची रीत बदलली होती. औषधांच्या वेळा, गरम पाणी, गळ्याला मफलर, संध्याकाळनंतर खिडक्या बंद. रोझीभाभी इस्पितळातली ड्यूटी संपवून घरी येत आणि इथे दुसरी सुरू करत. विनीला जिना चढायचा नसायचा. आल्फोन्स तिला उचलून दोन मजले चढायचा आणि वर पोचल्यावर तिच्याऐवजी स्वतः धापा टाकायचा, तशा नकला करून तिला हसवायचा. ती शाळेतल्या मुलींचे खेळ बाकावर बसून बघायची. घरी आलेली नाताळची कार्डं तिनं पलंगावरच्या भिंतीला चिकटवली होती. त्यांवरचं ते परदेशातलं बर्फ, चर्चच्या छपरावरचं, झाडांवरचं... नाताळच्या गोठ्यावर आल्फोन्स कापूस पिंजून पसरायचा, तेव्हा ती म्हणायची, "डॅडी, दॅट इज कॉटन." त्याला ते लागायचं. "अगं, समज ना बर्फ आहे म्हणून!" पण ती कशाला समजतेय.

ऑपरेशनच्या आधीच्या त्या हिवाळ्यात एके दिवशी विनीचा घसा धरला. ताप नव्हता. रोझीभाभींची सकाळची ड्यूटी होती, बदली मिळाली नाही, आणि एरवी विनीला बघणाऱ्या शेजारच्या बाई सुट्टीवर गावी गेल्या होत्या. म्हणून आल्फोन्स तिला घेऊन कॉलेजात आला. स्टोअरच्या मागच्या खोलीत खुर्च्या जोडून त्याने बिछाना केला, हीटर लावला. "बाहेर पाय ठेवायचा नाही, मम्मीची ऑर्डर आहे," असं तिला माझ्यासमोर बजावलं. ती म्हणाली, "आय नो, डॅडी." तिचा तो सूर मला अजून ऐकू येतो. कुठे जायचं नाही हे ती इतकी वर्षं ऐकत होती की त्यात हट्टाला जागाच उरली नव्हती.

दुपारच्या आधी आभाळ भरून आलं. इथे तसं आभाळ कधी दिसत नाही. आधी धूळ उठली, मग हिरवट अंधार पडला आणि अचानक वर्कशॉपच्या पत्र्यावर असा आवाज सुरू झाला की मला वाटलं कुणी ट्रकभर खडी ओततंय. बाहेर बघितलं तर गारा! बोरांएवढ्या, पांढऱ्याशुभ्र. मी किनारपट्टीचा माणूस, आमच्या गावी गारा कुणी पाहिलेल्या नाहीत. आल्फोन्सनंही नाही. आम्ही दोघं स्टोअरच्या दारात येऊन उभे राहिलो आणि बघता बघता समोरचं सगळं मैदान, जिथे एरवी वाळू आणि खडक यांच्याशिवाय काही नाही, ते पांढरं झालं. वर्ग रिकामे झाले. पोरं बाहेर धावली, डोक्यावरचे रुमाल काढून त्यांत गारा भरायला लागली, एकमेकांवर उधळायला लागली. "थल्ज! थल्ज!" एकच आरडाओरडा. बर्फ, बर्फ! इजिप्तचे गणिताचे मास्तर कोट डोक्यावर घेऊन नाचत होते. म्हातारा वॉचमन हात पसरून उभा होता आणि तळहातावर गारा पडून उडाल्या की लहान मुलासारखा हसत होता. इंग्रज प्रिन्सिपॉल व्हरांड्यात आले, आता ओरडणार असं वाटलं, पण त्यांनी खाली वाकून एक गार उचलली, तिच्याकडे बघितलं आणि न बोलता खिशात टाकली.

मागे वळून बघतो तर विनी खोलीच्या दारात.

"डॅडी, इज इट स्नो?"

"नाही गं बाय. गारा त्या."

"व्हॉट इज गारा?"

आल्फोन्सनं डोकं खाजवलं. "बर्फच. पण गोल."

"देन इट इज स्नो," ती म्हणाली. मागितलं काहीच नाही. नुसती उभी राहिली, एक हात चौकटीवर ठेवून.

आल्फोन्सनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "थंडी आहे रे. घसा धरलाय तिचा." त्याला ते माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. गारा थांबत आल्या होत्या, नुसतं बारीक शिंपडल्यासारखं काही पडत होतं. मग त्याने एकदम फळीवरून वेल्डिंगच्या हातमोज्यांचं नवंकोरं पाकीट काढलं आणि फोडलं. खडूसुद्धा सहीशिवाय न देणारा माणूस! ते मोजे विनीच्या कोपरापर्यंत आले. स्वतःचा मफलर तिच्या डोक्याला गुंडाळला. मी माझं लोकरी जाकीट काढून दिलं, ते तिच्या गुडघ्याखाली गेलं. आणि तिला उचलून तो बाहेर घेऊन गेला.

मैदानाच्या कडेला त्याने तिला खाली ठेवली. ती आधी हललीच नाही. पायाखाली ते करकर वाजत होतं, म्हणून एक पाऊल टाकायची आणि ऐकायची. एका बहरीनी पोरानं रुमालभर गारा आणून तिच्यापुढे ओतल्या. कार्डावर असतो तसा बर्फाचा माणूस करायचा तिनं प्रयत्न केला, पण गारा कशा चिकटतील? ढीग घसरायचा आणि ती खिदळायची. एक गार तिनं तोंडात टाकली. आल्फोन्स ओरडला, "थूक, थूक!" तर तिनं गाल फुगवून मान हलवली आणि गिळून टाकली. आणि मग... मग ती धावली. तिथून मैदानातल्या झेंड्याच्या खांबापर्यंत, तेवढं मोठं जाकीट दोन्ही हातांनी धरून. मी पुढे झालो तर आल्फोन्सनं माझा दंड धरला.

"धावू दे रे," तो म्हणाला. "केवढंसं अंतर आहे."

खांबाला हात लावून ती परत आली. गाल लाल झाले होते, श्वास लागला होता. त्याने तिला उचलून घेतलं आणि ती दोघं वर्कशॉपच्या पायरीवर जाऊन बसली. तिला मांडीवर घेऊन तो बसला होता आणि ती त्याच्या कानाशी काहीतरी बोलत होती. तेवढ्यात मला लॅबमधून हाक आली. एक खिडकी फुटली होती, पाणी आत येत होतं. मी गेलो. काचा गोळा करून परत आलो तोवर ऊन पडलं होतं आणि मैदान पुन्हा होतं तसं झालं होतं, फक्त ओलं. पोरं वर्गात गेली होती. आमच्यापैकी कुणाकडे कॅमेरा नव्हता.

संध्याकाळी मी त्या दोघांना माझ्या गाडीतून घरी सोडलं. त्यांचं घर मनामा शहरात, तिथे नुसता पाऊस झाला होता. रोझीभाभी ड्यूटीवरून येऊन गॅलरीत वाट बघत होत्या. आम्ही वर पोचलो आणि दार उघडताच विनी सुरू झाली, "मम्मी, इट स्नोड! मम्मी, आय रॅन!" रोझीभाभींनी तिचे बूट काढले, पायमोज्यांना हात लावला. मोजे ओले होते. त्यांनी आल्फोन्सकडे बघितलं. विनी सांगतच होती, हात पसरून किती मोठं पांढरं होतं ते दाखवत होती. "आधी कपडे बदल," त्या म्हणाल्या. "मग सांग." आणि तिला आत घेऊन गेल्या. आतून टॉवेलनं केस पुसल्याचा आवाज येत राहिला, बराच वेळ.

त्याच रात्री ताप चढला. मग काही दिवसांनी सांधे पुन्हा सुजले. रोझीभाभींच्याच इस्पितळात तिला दाखल केलं. या वेळच्या तापाने हृदयावरच घाला घातला. मुंबईला न्यायची गोष्ट निघाली, तर डॉक्टर म्हणाले की विमानात घालण्यासारखी तिची अवस्था नाही. रोझीभाभी ड्यूटीच्या कपड्यांतच तिच्या उशाशी बसायच्या. आल्फोन्स वॉर्डच्या बाहेर. आत गेला की विनी त्याच्याशी बोलायला बघायची आणि तिला धाप लागायची, म्हणून रोझीभाभी म्हणायच्या, "बोलू नकोस बाय, दमशील." तो मग पुन्हा बाहेर येऊन बसायचा. "यल्ला, होईल," असं मी त्याला म्हणालो, त्याचेच शब्द. त्याने माझ्याकडे असं बघितलं की पुन्हा तो शब्द मी त्याच्यासमोर काढला नाही. उन्हाळ्याची चाहूल लागायच्या आत विनी गेली. सकाळी, झोपेत.

वॉर्डच्या बाहेर रोझीभाभी त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. मी तिथेच होतो. मोठ्यानं बोलल्या नाहीत.

"एक दिवस तुझ्यावर सोपवली होती, आल्फोन्स," त्या म्हणाल्या. "एकच दिवस."

त्यानंतर या विषयावर त्या कधी काही बोलल्या नाहीत. न बोलण्यानं जे झालं ते बोलण्यानं झालं नसतं. त्यांनी भांडायला हवं होतं, भांडी फेकायला हवी होती, माहेरी निघून जायला हवं होतं. त्या गेल्या नाहीत. मुलीची कबर इथे. ती सोडून दोघांपैकी कुणालाही जाववेना. वसईला नेऊन पुरायचं तेव्हा सुचलं नाही, सुचलं तेव्हा उशीर झाला होता. मग एकाच घरात दोघं राहत होते, एक आतल्या खोलीत, एक बाहेरच्या. रोझीभाभी त्याचा डबा भरायच्या, शर्टांना इस्त्री करायच्या, रविवारी त्याच्या शेजारी बसून मिस्सा ऐकायच्या. नवं कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, किती शांत जोडपं.

आल्फोन्सचं हसणं गेलं. झल्लाकला येणं त्याने सोडलं. स्टोअरच्या खिडकीशी पोरं यायची ती हळूहळू यायची बंद झाली. वस्तू मागितली की तो सही घेऊन वस्तू द्यायचा आणि खिडकी लावून घ्यायचा. बर्फ घातलेलं पाणी त्याच्यापुढे आलं की ग्लास सरकवून ठेवायचा... मी एकदा त्या वेळच्या डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, घशातला जंतू आधीच होता, बाहेर नेली नसती तरी हे झालं असतं, बहुतेक. तो 'बहुतेक' गाळून मी ते रोझीभाभींना सांगितलं. त्यांनी चहाचा कप माझ्यापुढे ठेवला.

"मी नर्स आहे, अन्वरभाई," त्या म्हणाल्या. "डॉक्टर नातेवाइकांना काय सांगतात आणि का सांगतात, ते मला कळतं. घसा धरला होता म्हणूनच तर तिला आत ठेवायची होती."

आल्फोन्सला तेच सांगितलं तेव्हा आम्ही तुबलीच्या खाडीवर उभे होतो. ओहोटी होती, चिखलात बगळे होते. तो म्हणाला, "रोझी बरोबर असेल. मी नाही म्हणत नाही. पण अन्वर, ती धावली होती रे. तू बघितलीस ना? मला रोज दोन्ही आठवतं. धावताना आठवते आणि लगेच वॉर्डातली आठवते. नुसतं पहिलं आठवायला गेलो तर वाटतं मी चोरी करतोय." थोड्या वेळाने म्हणाला, "रोझीला एकदा सांगायचंय मला. काय काय झालं ते. ती काय काय बोलली ते. रोझीनं ऐकलं तर..." मी म्हटलं, सांग मग. तो म्हणाला, "इंशाल्ला." इतकी वर्षं इथे राहून आपल्याला कळलेलं असतं की हा शब्द कधी 'होय'साठी येतो आणि कधी 'नाही'साठी.

गेल्या वर्षी त्याला गिळायला त्रास व्हायला लागला. तपासण्या झाल्या तोवर अन्ननलिकेचा कॅन्सर पसरला होता. भारतात जा, असं सगळ्यांनी सुचवलं, तो जायला तयार झाला नाही. रोझीभाभींनी त्याची जी शुश्रूषा केली ती मी शब्दांत सांगू शकत नाही. अंगावर कुठे एक व्रण होऊ दिला नाही. रात्रपाळ्या बदलून घेतल्या, नळीतून भरवलं, त्याची दाढी केली. पण बोलणं सगळं नर्सचं. कूस बदल. तोंड उघड. दुखतंय का. मी रोज संध्याकाळी जाऊन बसायचो. शेवटच्या आठवड्यात एकदा त्याने हातानं खूण करून मला उशी उंच करायला सांगितली आणि रोझीभाभींकडे वळला. आवाज फार बारीक झाला होता.

"रोझी. त्या दिवशी विनी..."

रोझीभाभी सलाईनचा वेग बघत होत्या. त्यांचा हात थांबला. मग त्या त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, "बोलू नकोस. दमशील."

आल्फोन्सनं डोळे मिटले. पुन्हा प्रयत्न केला नाही. मी उठून बोलायला हवं होतं की नाही, मला ठाऊक नाही. नवरा-बायकोच्या मध्ये कुणी कुठवर शिरायचं? त्यानंतर दोन-तीन दिवसांनी सकाळी तो फोन आला.

परवा मी रोझीभाभींकडे गेलो होतो. पुढच्या वर्षी त्यांचं काँट्रॅक्ट संपतंय, वय झालंय, पुन्हा वाढवून मिळणार नाही. व्हिसा संपला की इथून जावं लागेल. वसईला दिराचं घर आहे, तिथे एक खोली मिळेल म्हणाल्या. इथे दोन कबरी राहतील. रंग कोण देणार, असं मी विचारलं नाही आणि त्यांनीही काढलं नाही. मी असेन तोवर देईन, पण मीही इथे किती वर्षं? त्यांनी चहा केला. मग कपाकडे बघत त्या म्हणाल्या, "अन्वरभाई, तुम्ही होतात ना तिथे? त्या दिवशी."

मी हो म्हटलं.

"ती मला सांगत होती. मी म्हटलं, आधी कपडे बदल. कपडे बदलल्यावर ती झोपली. मग ताप आला." त्यांनी कप बाजूला सरकवला. "हा सांगायला लागला तेव्हाही मी... मला वाटलं माफी मागेल आता. मला माफी नको होती. पण तो माफी मागत नव्हता ना? तो सांगत होता."

"हो," मी म्हटलं. "सांगत होता."

"मग तुम्ही सांगा."

मी सांगितलं. हातमोजे सांगितले, जाकीट सांगितलं, ती पाऊल टाकून ऐकायची ते सांगितलं. गार गिळली ते ऐकून त्यांच्या ओठांची जुनी, हसू आवरतानाची हालचाल झाल्यासारखी वाटली, पण तेवढीच. धावली ते सांगितलं. खांबाला हात लावून परत आली ते सांगितलं. मग दोघं पायरीवर बसली आणि ती त्याच्या कानात बोलत होती, असं मी म्हणालो तेव्हा त्यांनी मान वर केली.

"काय बोलत होती?"

"मला लॅबमध्ये बोलावलं, भाभी. मी आत गेलो होतो."

"पण काही ऐकू आलं असेल."

"नाही."

त्यांनी मान हलवली. आता ते सांगणारं कुणीच नव्हतं. मी पुन्हा गारांवर आलो, मैदान किती पांढरं झालं होतं, पोरं कशी ओरडत होती... आणि त्याच वेळी बाहेर जिन्यात पावलं वाजली, दाराजवळ किल्ल्यांचा जुडगा खुळखुळला. रोझीभाभी उठल्या. चहाचा अर्धा कप तसाच ठेवून, माझं वाक्य अर्ध्यावर असताना, त्या सरळ आतल्या खोलीत गेल्या आणि दार लोटून घेतलं.

बाहेर शेजाऱ्यानं स्वतःचं कुलूप उघडलं, तो आत गेला, त्याचं दार लागलं. मग रोझीभाभी हळूच परत आल्या आणि दाराशीच उभ्या राहिल्या.

"आल्फोन्स घरात यायच्या आधी किल्ल्या वाजवायचा," त्या म्हणाल्या. "मुद्दाम. बराच वेळ. मी आत जावं म्हणून. मला त्याचं तोंड बघायला लागू नये म्हणून... इतकी वर्षं. अजून माझे पाय उठतात हो."

मी पुढे बोलायला लागलो. पण त्या आता ऐकत नव्हत्या. खुर्चीवर येऊन बसल्याही नाहीत. तिथेच उभ्या राहून बाहेरच्या दाराकडे कान देत होत्या.